आधी चावी, मग नोटीस
नवे घर घेताना भाड्याचे घर केव्हा सोडावे?



नव्या इमारतीत घर घेताना आपण दहा गोष्टींची चौकशी करतो. फुटाचा भाव विचारतो, पाणी किती वेळ येते ते विचारतो, शाळा आणि मशीद किती लांब आहे ते पाहतो, बिल्डरची आधीची कामे कशी आहेत याची माहिती काढतो. हे सर्व योग्यच आहे. परंतु एक प्रश्न आपण शेवटपर्यंत कोणालाही विचारीत नाही. आज ज्या भाड्याच्या घरात आपण राहतो, त्याच्या मालकाला घर सोडण्याची नोटीस केव्हा द्यावयाची?

प्रश्न किरकोळ वाटतो. महिनाभराच्या भाड्याचा तर सवाल आहे, असे आपण म्हणतो. पण हीच तारीख चुकली तर एक तर दोन घरांचा खर्च अनेक महिने अंगावर पडतो, नाही तर एकही घर हातात राहत नाही. पहिल्या चुकीत पैसा जातो. दुसऱ्या चुकीत काय जाते, ते आम्ही स्वतः भोगले आहे. म्हणून आधी तेच सांगतो.

आमचा अनुभव

सन २०११ ची गोष्ट. आम्ही भिवंडीत भाड्याने राहत होतो आणि कल्याणच्या बाजूला एका नव्या इमारतीत घर नोंदवले होते. इमारत उभी राहिली होती, बाहेरून रंग लागला होता, खिडक्यांना काचा बसल्या होत्या. बिल्डरच्या कार्यालयातील माणूस म्हणाला, "रमजानच्या आधी चावी देतो, इन्शाअल्लाह." त्याने इन्शाअल्लाह म्हटले आणि आम्ही तारीख पक्की धरली. मे महिन्याच्या अखेरीस घरमालकांना नोटीस दिली आणि ३० जूनला घर रिकामे केले.

त्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीस रमजान लागला. चावी आली नाही. लिफ्ट बसली नव्हती, पाण्याची जोडणी नव्हती, नगरपालिकेचा दाखला तर दूरच. आम्ही जुन्या घरमालकांकडे परत गेलो. ते भले गृहस्थ होते, पण आमच्या नोटिशीनंतर त्यांनी दुसऱ्या कुटुंबाला जबान दिली होती आणि डिपॉझिटही घेतले होते. त्यांचा काय दोष?

घरातील मंडळींना मालेगावला मोठ्या बहिणीकडे पाठवले. वालिदा आजारी होत्या, त्याही तिकडेच गेल्या. आम्ही आणि मोठा मुलगा दुकानात गाठींवर झोपू लागलो. घरचे पलंग, कपाटे, भांडी सर्व गोदामात टाकले. ऐन रमजानच्या सीझनला पंचवीस गाठींची जागा आमच्या संसाराने अडवली. तेवढा माल आम्ही भरू शकलो नाही आणि ठरलेली गिऱ्हाइके दुसऱ्या दुकानी गेली. त्यांतील काही पुन्हा आली नाहीत.

चावी मिळाली ती फेब्रुवारी २०१२ मध्ये. त्याआधी जानेवारीत वालिदांचे मालेगावी निधन झाले. मृत्यूची वेळ ठरलेली असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या घराच्या पहिल्या हप्त्यासाठी त्यांनी आपल्या बांगड्या काढून दिल्या होत्या, ते घर त्यांनी पाहिले नाही आणि अखेरच्या दिवसांत त्या मुलाच्या घरी नव्हत्या. कारण मुलाला घरच नव्हते.

हिशेबाच्या वहीत पाहिले तर त्या आठ महिन्यांत आमचे भाडे वाचले. दरमहा ४,५०० रुपये, म्हणजे एकूण ३६,००० रुपये. ही बचत आम्ही आयुष्यभर विसरणार नाही.

रंगाई झाली म्हणजे माल तयार नव्हे

आमची चूक काय झाली? कापडाच्या धंद्यात इतकी वर्षे काढूनही आम्ही इमारतीच्या बाबतीत धंद्याचा साधा नियम विसरलो. ग्रे कापड प्रोसेसला गेले, रंगाई झाली, म्हणून आपण गिऱ्हाइकाला माल तयार आहे असे सांगत नाही. फिनिशिंग, घडी, तपासणी, पॅकिंग होऊन गाठ गोदामात येते आणि चलन हातात पडते, तेव्हा माल आला असे आपण मानतो.

इमारतीचेही तसेच आहे. बाहेरून रंग लागल्यानंतर खरी रखडणारी कामे सुरू होतात. लिफ्ट बसवून तिचा परवाना घ्यावा लागतो. अग्निशमन विभागाचा दाखला लागतो. पाण्याची आणि मलनिःसारणाची जोडणी व्हावी लागते. हे झाल्यावर महानगरपालिका किंवा नगरपालिका भोगवटा प्रमाणपत्र देते. यालाच बाजारात 'ओसी' म्हणतात. यांतील एक कागद अडला की पुढचे सर्व अडते. म्हणून रस्त्यावरून तयार दिसणारी इमारत सहा-सहा महिने रिकामी उभी असते.

आमच्या काळी १९६३ चा महाराष्ट्र फ्लॅट मालकी कायदा, म्हणजे 'मोफा', होता आणि तो आजही आहे. त्यानुसारही ज्या इमारतीला असा दाखला मिळालेला नाही तिचा ताबा बिल्डरने देऊ नये आणि घेणाऱ्याने घेऊ नये, असे आहे. आम्हाला ते माहीत नव्हते, आम्ही विचारलेही नव्हते.

त्यानंतर २०१६ साली संसदेने स्थावर संपदा कायदा केला, ज्याला आपण 'रेरा' म्हणतो, आणि १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात महारेराचे काम सुरू झाले. घर घेणाऱ्याच्या हातात आज आमच्यापेक्षा पुष्कळ जास्त कागद आहेत. ते वाचण्याचे कष्ट मात्र त्यानेच घेतले पाहिजेत.

चार तारखा ओळखा

नवे घर घेणाऱ्याच्या कानावर चार वेगवेगळ्या तारखा पडतात आणि तो त्या एकच समजतो.

पहिली, तोंडी तारीख. ही बिल्डरच्या माणसाची. तिच्यावर विसंबून नोटीस देऊ नये, एवढेच तिच्याबद्दल सांगणे पुरे.

दुसरी, करारनाम्यातील ताब्याची तारीख. आपल्या नोंदणीकृत विक्री करारात ती लिहिलेली असते. या तारखेला ताबा मिळाला नाही तर रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे आपल्याला दोन मार्ग आहेत. व्यवहारातून बाहेर पडून व्याजासह रक्कम परत मागता येते, किंवा घर हवेच असेल तर ताबा मिळेपर्यंत उशिराच्या प्रत्येक महिन्याचे व्याज मागता येते. ही व्याज म्हणून मिळणारी रक्कम स्वतःसाठी घ्यावी की नाही, हे आपापल्या आलिमांना विचारावे. मात्र ही तारीख आपल्या हक्काची आहे. इमारत त्या दिवशी तयार होईलच याची ती हमी नव्हे.

तिसरी, महारेराकडे नोंदलेली प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख. ती महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदणी क्रमांकावरून पाहता येते. बिल्डरने मुदतवाढ घेतली असेल तर तेही तेथे कळते. घरातील कॉलेजला जाणारा कोणताही मुलगा किंवा मुलगी हे दहा मिनिटांत काढून देईल. नोटिशीचा विचार करण्यापूर्वी एकदा आणि प्रत्यक्ष देण्यापूर्वी पुन्हा एकदा हे पाहावे.

चौथी, भोगवटा प्रमाणपत्राची तारीख. आपल्या कामाची तारीख ही. 'ओसी आली' असे ऐकून समाधान मानू नये, प्रत मागून घ्यावी. तिच्यात आपली विंग आणि आपला मजला आहे का ते वाचावे. कित्येकदा ओसी अंशतः असते, म्हणजे सात मजल्यांपर्यंत मिळालेली असते आणि आपले घर नवव्या मजल्यावर असते.

येथे आणखी एका गोष्टीपासून सावध राहावे. काही ठिकाणी ओसी येण्यापूर्वीच "फर्निचरचे काम करून घ्या" म्हणून चावी दिली जाते. याला 'फिट-आउट पझेशन' असे नाव आहे. हा राहण्याचा ताबा नव्हे. या चावीवर भाड्याचे घर सोडू नये, आणि "ताबा मिळाला, काही तक्रार नाही" अशा कागदावर सहीही करू नये. तशी सही झाली की उशिराबद्दलची आपली मागणी कमजोर होते.

भाड्याचा करार काढून वाचा

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. आपल्यापैकी बहुतेकांचे घर लिव्ह अँड लायसन्सवर असते. करार एकदा सही केला की तो कपाटात जातो आणि मुदत संपेपर्यंत कोणी उघडत नाही. नवे घर नोंदवताच तो काढून त्यातील चार गोष्टी तांबड्या शाईने खूण करून ठेवाव्यात.

१. मुदत केव्हा संपते. करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. मुदत संपल्यावर "चार-आठ दिवसांत जातो" असे म्हणत राहणे धोक्याचे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम २४ प्रमाणे मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. नवे घर लांबणार असे दिसले तर मुदत संपण्यापूर्वीच मालकांशी बोलून नवा करार करावा आणि तो नोंदवावा. याच कायद्याचे कलम ५५ सांगते की असा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी नको, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे.

२. लॉक-इन किती महिन्यांचे आहे. त्या काळात घर सोडले तरी उरलेल्या महिन्यांचे भाडे द्यावे लागते, असे कलम पुष्कळ करारांत असते.

३. नोटीस किती दिवसांची आणि कशी द्यावयाची. साधारणतः एक महिन्याची असते, पण दोन किंवा तीन महिन्यांचीही पाहिली आहे.

४. डिपॉझिट केव्हा परत मिळते. बहुधा जागा रिकामी करून चावी दिल्यावर. ही बाब पुढे हिशेबात फार महत्त्वाची आहे.

ज्यांचे नवे घर बांधले जात आहे आणि ज्यांना याच काळात भाड्याचा नवा करार करावयाचा आहे, त्यांनी सही करण्यापूर्वीच मालकांना ही गोष्ट मोकळेपणाने सांगावी. "आमचे घर होत आहे, तेव्हा लॉक-इन तीन महिन्यांपेक्षा जास्त नको आणि नोटीस एक महिन्याची असावी," असे म्हटले तर समजूतदार मालक ऐकतात. त्यासाठी महिना तीन-चारशे रुपये जास्त द्यावे लागले तरी तो सौदा स्वस्त आहे. लपवून करार करणे आणि मग मध्येच सोडून जाणे हे व्यापाऱ्याला शोभत नाही.

तर नोटीस केव्हा?

नियम असा ठेवावा. पुढील चार गोष्टी पूर्ण झाल्याशिवाय नोटिशीवर सही करू नये.

एक, आपल्या मजल्यासह भोगवटा प्रमाणपत्राची प्रत हातात आली आहे.
दोन, ताबा घेण्याबद्दल बिल्डरचे लेखी पत्र आले आहे.
तीन, आपण घर आतून पाहिले आहे. नळ सोडून, दिवे लावून, दारे-खिडक्या उघडून-मिटून पाहिल्या आहेत, आणि उणिवांची यादी बिल्डरला देऊन पोच घेतली आहे.
चार, शेवटच्या हप्त्याची रक्कम तयार आहे आणि चावी मिळण्याचा दिवस ठरला आहे.

नोटीस एक महिन्याची असेल तर चावी हातात आल्यावरच द्यावी. तो महिना वाया जात नाही. ग्रिल, पंखे, स्वयंपाकघरातील मांडण्या, साफसफाई यांत तो सहज निघून जातो. नोटीस दोन-तीन महिन्यांची असेल तर भोगवटा प्रमाणपत्र पाहून दिली तरी चालेल, कारण त्यानंतर ताबा अडण्याची शक्यता फार कमी उरते. त्याच्या आधी मात्र नाही.

उलट दिशेनेही उशीर करू नये. रेरा कायद्याच्या कलम १९ प्रमाणे भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून दोन महिन्यांच्या आत ताबा घेणे हे घर घेणाऱ्याचे कर्तव्य आहे. महाराष्ट्रातील नमुना करारनाम्यात तर बिल्डरचे लेखी पत्र आल्यापासून पंधरा दिवसांत ताबा घ्यावा असे कलम आहे, आणि पत्रानंतर पंधरा दिवस उलटले की देखभालीचा खर्च घेणाऱ्यावर सुरू होतो, मग तो राहावयास गेलेला असो वा नसो. म्हणजे आपली खिडकी लहान आहे. तिच्या आधी नोटीस दिली तर निवारा जातो, आणि तिच्यानंतर दिली तर विनाकारण दोन घरांचा खर्च चालू राहतो.

भाच्याचा हिशेब

आमच्या भाच्याने हे सर्व पाळले, म्हणून त्याचा हिशेब येथे देतो. त्याचे टेलरिंगचे काम आहे. त्याने ३२ लाखांचे घर नोंदवले होते. भाड्याचा करार १ ऑक्टोबर २०२२ ते ३१ ऑगस्ट २०२३, लॉक-इन सहा महिने, नोटीस एक महिना, भाडे १२,००० आणि डिपॉझिट ५०,०००.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "मामू, बिल्डरचा माणूस मार्चअखेर चावी म्हणतो. लॉक-इनही तेव्हाच संपते. मालकांना नोटीस देऊन टाकू का?"

आम्ही त्याला घेऊन इमारतीवर गेलो. रंग सुंदर लागला होता. आम्ही विचारले, "बेटा, लिफ्ट कुठे आहे?" लिफ्टच्या जागी पोकळ खड्डा होता. त्याला सांगितले, "तू गिऱ्हाइकाला शिलाई झाली असे केव्हा सांगतोस? काजे-बटण झाल्यावर ना? मग थांब."

भोगवटा प्रमाणपत्र मेच्या मध्यावर आले. आठवड्याभरात ताब्याचे पत्र आले. घर तपासले, न्हाणीघराच्या उताराची आणि एका खिडकीची तक्रार लिहून दिली. २९ मे रोजी शेवटचा हप्ता भरून चावी घेतली आणि ३१ मे रोजी नोटीस दिली. जूनमध्ये किरकोळ कामे झाली, २२ जूनला सामान हलवले, दोनच दिवसांत पाऊस लागला आणि बकरी ईद नव्या घरात झाली. ३० जूनला जुन्या घराची चावी परत केली आणि त्याच दिवशी डिपॉझिट मिळाले.

त्याला जादा खर्च किती आला? जूनचे भाडे १२,००० आणि नव्या सोसायटीची त्या महिन्याची वर्गणी ३,०००, असे १५,००० रुपये. बिल्डरच्या शब्दावर ३१ मार्चला घर सोडले असते तर दोन महिने बायको-मुलांना कोठे ठेवले असते? शिवणयंत्रे आणि गिऱ्हाइकांचे कापड, जे आपल्याकडे अमानत असते, ते कोठे नेले असते? दोनदा टेम्पो, दोनदा हमाल, आणि दोन महिने काम बंद.

म्हणून आम्ही म्हणतो की हे एक महिन्याचे दुहेरी भाडे खर्च समजू नये, घराच्या किमतीचाच भाग समजावे. घर नोंदवतानाच दोन महिन्यांचे भाडे वेगळे बांधून ठेवावे. ३२ लाखांच्या सौद्यात १५-२० हजारांसाठी आपण सर्व काही पणाला लावतो, हा हिशेब कोणत्या मेहताजींना पटेल?

डिपॉझिटवर भरवसा ठेवू नका

पैशाच्या बाबतीत आणखी एक चूक नेहमी होते. "जुन्या घराचे डिपॉझिट येईल, त्यातून शेवटचा हप्ता भरू," असे आपण ठरवतो. परंतु बिल्डरला पैसे चावीच्या आधी हवे असतात आणि घरमालक डिपॉझिट देणार जागा रिकामी झाल्यावर. मध्ये निदान एक महिन्याचे अंतर पडते. हे अंतर भरण्यासाठीच लोक घाईने नोटीस देतात आणि फसतात.

नमुना करारनाम्याप्रमाणे किमतीचे ९५ टक्के हप्त्या-हप्त्याने बांधकामाबरोबर द्यावयाचे असतात आणि उरलेले ५ टक्के ताब्याच्या वेळी, भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर. भाच्याच्या घराचे हे ५ टक्के म्हणजे १,६०,००० रुपये. त्याशिवाय सोसायटीची वर्षभराची आगाऊ वर्गणी ३६,००० आणि वीज मीटर व सोसायटी नोंदणीचे किरकोळ पैसे. ही रक्कम त्याने सहा महिने आधीपासून दुकानाच्या भांडवलातून वेगळी काढली होती. आपणही ही रक्कम मालात अडकवू नये. उधारीवर गेलेला पैसा साठ दिवसांचे नव्वद करतो, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको. आणि शेवटचे ५ टक्के चावीच्या आधी कोणी मागितले तर देऊ नयेत. आपल्या हातात तेवढाच लगाम असतो.

बँकेचे कर्ज घेतलेल्यांनी हप्ता आणि भाडे दोन्ही काही महिने एकदम भरावे लागतील असे धरूनच चालावे.

नोटीस कशी द्यावी?

मालकांना तोंडी आधी सांगावे, हा शिष्टाचार आहे. त्यांनाही पुढचा भाडेकरू शोधावयाचा असतो. पण तोंडी सांगताना तारीख देऊ नये. "घर होत आले आहे, कागद आला की लेखी कळवतो," एवढेच म्हणावे. एकदा लेखी नोटीस गेली की मालकांच्या संमतीशिवाय ती मागे घेता येत नाही, हे लक्षात ठेवावे.

मजकूर साधा असावा:

"मान्यवर साहेब, आपल्या व आमच्या दरम्यान अमुक तारखेस नोंदवलेल्या लिव्ह अँड लायसन्स करारातील नोटिशीच्या कलमानुसार आम्ही आपणास एक महिन्याची सूचना देत आहोत. अमुक तारखेस आम्ही जागा रिकामी करून चावी आपल्या स्वाधीन करू. त्या दिवसापर्यंतचे भाडे व विजेचे बिल आम्ही भरू. कृपया त्याच दिवशी आमचे अमुक रुपयांचे डिपॉझिट परत करावे. आपल्या घरात आम्हाला जो आराम मिळाला त्याबद्दल आभारी आहोत."

दोन प्रती कराव्यात. एक मालकांना द्यावी, दुसरीवर तारखेसह त्यांची सही घ्यावी. ते परगावी असतील तर टपालाने पाठवावी. पूर्वी आपण रजिस्टर एडी करीत असू; २०२५ साली टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टात सामावून घेतली आहे, म्हणून स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवावी. व्हॉट्सअ‍ॅपवर कळवणे ठीक आहे, पण करारात तसे लिहिलेले नसेल तर केवळ त्यावर विसंबू नये. जागा सोडताना खोल्यांचे फोटो काढावेत आणि चावी दिल्याची व डिपॉझिट मिळाल्याची दोन ओळींची पावती करावी.

पागडीवाल्यांसाठी आणि घरी काम करणाऱ्यांसाठी

ज्यांचे घर जुन्या भाडेकरू हक्काचे किंवा पागडीचे आहे, त्यांना वरील नियम जसाच्या तसा लागू नाही. त्यांनी नोटीस वगैरे काही लिहून देण्यापूर्वी वकिलांचा मशविरा घ्यावा, कारण त्या जागेत त्यांचा किमती हक्क असतो. एक गोष्ट मात्र जरूर लक्षात ठेवावी. नव्या घरी जाऊन जुन्या जागेला नुसते कुलूप लावून ठेवले आणि योग्य कारणाशिवाय ती सलग सहा महिने वापरली नाही, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ प्रमाणे मालकांना ती जागा परत मागण्यास कारण मिळते.

जे बंधू आणि भगिनी घरातच जरीकाम, शिलाई किंवा पॅकिंगचे काम करतात, त्यांनी नोटीस देण्यापूर्वी आणखी एक चौकशी करावी. नव्या इमारतीत हे काम करता येईल का, आणि विजेचा भार पुरेल का? निवासी इमारतीत यंत्राच्या आवाजावरून तक्रारी होतात. कामासाठी वेगळा गाळा लागणार असेल तर तो आधी पाहावा, मग घर सोडावे.

घर घेतल्यानंतर काही दोष निघाले तर घाबरू नये. बांधकामातील दोष ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बिल्डरच्या लक्षात आणून दिला तर तीस दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करून देणे रेरा कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे. म्हणून एका गळक्या नळासाठी ताबा अडवून भाडे वाढवत बसू नये. यादी लिहून द्यावी, पोच घ्यावी आणि राहावयास जावे.

शेवटी एवढेच

आपण व्यापारी लोक नवा माल गोदामात उतरल्याशिवाय जुन्या मालाची शेवटची गाठ विकीत नाही, कारण दुकान एक दिवसही रिकामे दिसू नये असे आपल्याला वाटते. मग ज्या छपराखाली आपली वृद्ध माणसे आणि मुले झोपतात, त्याच्या बाबतीत एवढी घाई का? ज्या कोणाचे घर या वर्षी तयार होत आहे, त्याने आज रात्री दोन करार काढावेत, एक विकत घेतलेल्या घराचा आणि एक भाड्याच्या घराचा. दोन्हींतील तारखा एका कागदावर लिहून तो भिंतीला लावावा आणि भोगवटा प्रमाणपत्राची जागा कोरी ठेवावी. ती जागा भरल्याशिवाय कोणाच्याही गोड शब्दावर नोटीस लिहू नये.